जुन्या पावडर मेझरचे सुटे भाग : आमची वाटचाल

पावडर मेझर म्हणजे घरी काडतुसं भरताना बंदुकीची दारू, म्हणजे पावडर, मोजून टाकणारं यंत्र. त्याच्या सुट्या भागांच्या आमच्या धंद्याची सुरुवात ड्रॉप ट्यूबपासून, म्हणजे पावडर खाली सोडणाऱ्या नळीपासून झाली. अमेरिकेत एस्टेट सेलमध्ये (घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत) किंवा गन शोच्या टेबलावर जुनं पावडर मेझर मिळतं, तेव्हा बीडाची बॉडी, ड्रम आणि हँडल बहुतेक जागेवर असतात. नसते ती खालची नळी. काडतुसाच्या मापाप्रमाणे ती बदलायची असते, म्हणून वेगळ्या डब्यात पडते, आणि मेझर नव्या मालकाकडे जाताना डबा मागे राहतो. पितळेच्या सळईतून अशी नळी काढणं हे लेथवरचं सरळ काम, म्हणून छोट्या वर्कशॉपला ते झेपलं. पुढे हॉपर आले, मग मीटरिंग स्क्रू आणि शेवटी ड्रम. या क्रमात कामाची पद्धतही बदलली. पूर्वी आम्ही भाग विकत होतो. आता नळी-हॉपर सोडले तर बॉडी मागवून घेतो आणि तिच्यात भाग बसवून देतो.

यंत्र मुळात साधं आहे. वर हॉपरमध्ये पावडर, खाली बॉडीत आडवा फिरणारा ड्रम, ड्रममध्ये एक पोकळी. हँडल एका टोकाला नेलं की पोकळी वर येऊन भरते, दुसऱ्या टोकाला नेलं की नळीतून केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या कवचात, रिकामी होते. पोकळीचं तोंड कायम, तळ मीटरिंग स्क्रूने वरखाली होतो. म्हणजे मेझर मोजतं ते आकारमान, वजन नाही. वजन तराजूवरच कळतं. ज्याला हे पटत नाही त्याला आम्ही भाग विकायला कचरतो.

ऑर्डर आली की पहिला प्रश्न ओळखीचा. "लायमनचं जुनं मेझर" एवढ्यावर काही करता येत नाही. लायमनच्या आधी अशी मेझरं आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी बनवत असे. ती जॉन बार्लोने १८८४ मध्ये न्यू हेवन, कनेक्टिकटमध्ये काढली. १९१० मध्ये ती मार्लिनकडे गेली आणि १९२५ मध्ये लायमनने घेतली. त्यामुळे बॉडीवर कुणाचं नाव ओतलंय यावरून कालखंडाचा अंदाज येतो. पण तेवढ्यावर भाग जुळेल असं धरून चालत नाही, कारण जुन्या ओतीव बॉड्यांमध्ये एकाच मॉडेलचे दोन नग बोअरमध्ये (ड्रम बसतो त्या भोकात) सारखे निघतीलच असं नाही. लायमन ५५ मध्ये पोकळी तीन सरकपट्ट्यांनी लहानमोठी होते. तिची पट्टी हरवली तर दुसऱ्या नगाची पट्टी कधी घट्ट बसते, कधी खेळते. पेनसिल्व्हेनियातल्या फिलिप्सबर्गच्या बेल्डिंग अँड मुलची रचना तर निराळीच. तिथे माप घेणारी नळी हातात सुटी येते, ड्रमचा हिशेब तिथे लागत नाही. आरसीबीएस, रेडिंग, लायमन या कंपन्या अजून चालू आहेत. त्यांच्याकडे भाग मिळत असेल तर आधी तिथेच विचारा, असं आम्ही सांगतो. मूळ भाग मिळत असताना नक्कल बनवण्यात कुणाचाच फायदा नाही.

मोजमापात सगळ्यात जास्त घोटाळा आट्यांचा. रीलोडिंग प्रेसमध्ये बसणाऱ्या डायचे ७/८-१४ (७/८ इंच व्यास, इंचाला १४) हे आटे बहुतेक अमेरिकन मेझरच्या खालच्या गळ्यावर असतात, तेवढं सोपं. हँडलचे, लॉकिंगचे, पट्टीचे बारीक स्क्रू मात्र कुठल्याही तक्त्यात न बसणारे निघतात. जुने कारखाने आपापले टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) वापरत. म्हणून पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजणारी पट्टी) लावल्याशिवाय टॅप हातात घ्यायचा नाही. आधीच्या मालकाने जवळच्या मापाचा स्क्रू दामटलेला असेल तर बीडातले आटे कुस्करलेले असतात. तिथे मोठा टॅप मारून नवा स्क्रू बसवण्यापेक्षा पितळी बुश घालून मूळ माप परत आणणं बरं. मोठ्या भोकाने त्या जागी बीडाची भिंत पातळ होते आणि पुढे स्क्रू आवळताना तडकते.

ड्रॉप ट्यूब सोपी असली तरी तिच्यातही चुका होतात. वरच्या तोंडाला ६० अंशांचा शंकू, मध्ये सरळ भोक, खालच्या तोंडाला उलटा शंकू, ज्यात केसचं तोंड येऊन टेकतं. मधलं भोक केसच्या गळ्याच्या आतल्या मापापेक्षा लहान असलंच पाहिजे, नाहीतर दाणे गळ्याच्या कडेवर आपटून बाहेर उडतात. .२२ साठी आम्ही ०.१९० इंच ठेवतो. शंकू आणि भोक जिथे मिळतात तिथे पायरी राहू द्यायची नाही. लांब दाण्यांच्या पावडरी, उदाहरणार्थ आयएमआर ४०६४, अशा पायरीवर अडकतात, दाणे एकमेकांत गुंतून नळीत पूल बांधतात. मग एका केसमध्ये कमी पावडर जाते आणि पूल सुटला की पुढच्यात जास्त. दुसरी चूक जास्त घातक. म्हणून भोक रीमरने काढून बारीक एमरीने लांबीच्या दिशेने पॉलिश करतो. गोल फिरवून केलेल्या ओरखड्यांत दाणे अडतात. नळी कितीही गुळगुळीत असली तरी भरलेले सगळे केस ब्लॉकमध्ये (भोकं असलेल्या ठोकळ्यात) उभे करून बॅटरीच्या उजेडात आत बघायचं, बुलेट त्यानंतर बसवायची. हे काम नळी करत नाही.

हॉपरबद्दल लोक "फुटला" म्हणून लिहितात, पण खरं दुखणं अनेकदा वेगळं असतं. डबल-बेस पावडरमध्ये नायट्रोग्लिसरीन असतं आणि ते बऱ्याच प्लॅस्टिकांमध्ये झिरपतं. रात्रभर, आठवडाभर पावडर ठेवलेला हॉपर आधी धुरकट होतो, मग त्याच्या आतल्या पृष्ठभागावर खडबडीत पट्टे दिसतात, शेवटी ठिसूळ होऊन आवळतानाच चिरतो. काम संपलं की हॉपर रिकामा करायचा नियम त्यासाठी आहे. दुसरं कारण त्याहून मोठं: दुसऱ्या दिवशी आत कुठली पावडर आहे हे खात्रीने सांगता येत नाही. आणि ज्या पावडरचं नाव सांगता येत नाही ती वापरायची नसते.

नवा हॉपर कापताना जुन्या नळीचं माप घेऊ नका. जुनं प्लॅस्टिक आकसतं, वेडंवाकडं होतं. बॉडीतल्या खाचेचं माप घ्या, दोन दिशांनी, आणि नळी ५ ते ८ थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) ढिली ठेवा. आम्ही पारदर्शक अ‍ॅक्रिलिक वापरतो. सतत डबल-बेस वापरणाऱ्याला बोरोसिलिकेट काच देतो, बाहेरच्या कडेला पातळ कॉर्क गास्केट लावून, चिकटवून नाही. गास्केट आतल्या बाजूला आलं तर त्याच्या फटीत दाणे राहतात आणि पुढच्या पावडरीत मिसळतात. थ्रीडी प्रिंट केलेलं झाकण चालतं. पावडर जिथे टेकते तो भाग प्रिंटचा नको, थरांच्या खाचांत दाणे बसतात. हिवाळ्यात कोरड्या हवेत दाणे नळीला चिकटत असतील तर कपड्यांच्या ड्रायरची अँटीस्टॅटिक शीट आतून फिरवून घेतली की पुरतं.

बॅफल, म्हणजे ड्रमवरचा पावडरीचा दाब सारखा ठेवणारा हॉपरमधला पत्रा, मात्र घरी बनवा, आमच्याकडून विकत घेऊ नका. हॉपर भरलेला असताना ड्रमवर पावडरीचा दाब जास्त, तळाला आला की कमी, आणि तेवढ्याने माप हलतं. ०.०२० इंच जाडीच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचा हॉपरमध्ये बसेल एवढा तुकडा घ्या, मधोमध घराच्या छपरासारखा वाकवा, दोन समोरासमोरच्या टोकांना पाऊण-एक सेंटीमीटरची भोकं ठेवा, कडा फाईलने साफ करा. कोन वर ठेवून तो ड्रमच्या थोडा वर बसवायचा. जुन्या बऱ्याच मेझरांत मुळातच बॅफल नव्हता; तो घातल्यावर "ड्रम झिजलाय" ही तक्रार मिटल्याचं अनेकदा दिसतं.

मीटरिंग स्क्रूचं काम आल्यापासून आम्हाला बॉडी मागवायची सवय लागली. कारण साधा हिशेब. पोकळीचा व्यास ०.३७५ इंच आणि स्क्रूला इंचाला २८ आटे धरले, तर एका पूर्ण फेऱ्यात तळ ०.०३५७ इंच सरकतो. पोकळी तेवढ्यात सुमारे ०.०६५ घन सेंटीमीटरने वाढते. मोकळ्या ओतलेल्या पावडरची घनता दर घन सेंटीमीटरला ०.९ ग्रॅम धरली तर हे साधारण ०.९ ग्रेन होतात (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम). आता याच आट्यांत ४ थाऊ उभा खेळ असेल तर तळ तेवढा वरखाली होऊ शकतो, आणि ते बरोबर ०.१ ग्रेन भरतं. म्हणजे तराजूच्या शेवटच्या अंकाइतकी चूक एकट्या ढिल्या आट्यातून. ग्राहकाच्या झिजलेल्या आट्यात नवा, प्रमाण मापाचा स्क्रू पोस्टाने पाठवला तर हा खेळ तसाच राहतो. म्हणून आम्ही ड्रममधले आटे मोजून स्क्रू थोडा जाड काढतो आणि बारीक लॅपिंग कंपाउंडने (घासून भाग जुळवायच्या पेस्टने) जोडी जुळवतो. वापरताना माप नेहमी एकाच दिशेने यावं: जास्त मोकळं करून मग आत आवळत हव्या मापावर यायचं, आणि लॉकनट आवळल्यावर पुन्हा तोलून बघायचं. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

ड्रमचं काम आम्ही सर्वांत उशिरा घेतलं आणि आजही नाखुशीने घेतो. तक्रार दोन प्रकारची येते. एच ११० सारखी बारीक बॉल पावडर (गोलसर दाण्यांची) बाजूने गळते, नाहीतर हँडल जड होतं. दोन्ही तक्रारी एकाच जागेच्या: ड्रम आणि बोअरमधली फट. बारीक दाणे त्या फटीत शिरतात, चिरडतात आणि ड्रम आवळतात. आधी टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटरने बोअर चार ठिकाणी, दोन दिशांनी मोजतो. जुना बोअर टोकांना घंटेसारखा पसरलेला आणि थोडा अंडाकृती निघतो. नुसता जाड ड्रम घातला तर तो मधल्या भागात अडतो आणि टोकांना गळतच राहतो. म्हणून बोअर होन करून (आतून घासून) आधी सरळ करायचा, मग त्या मापाला १२एल१४ या सहज कापल्या जाणाऱ्या पोलादाचा ड्रम काढायचा. एकूण फट आम्ही १ ते १.५ थाऊ ठेवतो. त्याहून कमी ठेवली की उन्हाळ्यातल्या गॅरेजमध्ये जरा धूळ गेली तरी हँडल रुततं.

लॅपिंगला सिलिकॉन कार्बाइड नको. त्याचे कण बीडात रुतून बसतात आणि ड्रमला आयुष्यभर खात राहतात. टाइमसेव्हरसारखं, घासताना स्वतःच मोडून संपणारं कंपाउंड वापरतो, मग गरम साबणाच्या पाण्याने आणि सॉल्व्हंटने धुतो. तेल लावत नाही. तेलाने पावडर बिघडते आणि दाणे चिकटून माप हलतं. साठवणीपुरता गंजरोधक लावायचा तर वापरण्याआधी तो पूर्ण काढायचा. कोरडा ग्रॅफाइट चालतो. पावडरच्या दाण्यांवर तसाही ग्रॅफाइटचा थर असतो, त्यामुळे नव्या ड्रममधून हॉपरभर पावडर खेळवली की पृष्ठभाग आपोआप काळसर, गुळगुळीत होतो. त्या आधी घेतलेल्या मापांवर विश्वास ठेवू नये.

पोकळीच्या कडेवर बरेच वाद होतात. लांब दाण्यांची पावडर ड्रम फिरताना कडेने कापली जाते, हँडलला कचकन झटका बसतो. यावर उपाय म्हणून काही जण कडेला चॅम्फर देतात, म्हणजे ती तिरपी कापतात. आमच्या मते त्याने काम बिघडतं: कडेला पाचरीसारखी जागा तयार होते, दाणा तिच्यात ओढला जातो. कडेची बर (कापताना राहिलेली धारदार कोर) बारीक ऑइलस्टोनने काढायची, त्यापुढे जायचं नाही. झटका बसला तर हँडल दामटू नका. जरा मागे घेऊन पुन्हा सोडा आणि तो चार्ज (एका वेळी मोजलेली पावडर) हॉपरमध्ये परत ओता.

दुरुस्त मेझर आम्ही बॉल आणि लांब दाण्यांची, अशा दोन पावडरींवर तपासतो. पहिले १० चार्ज परत ओततो, पुढचे १० वेगवेगळे तोलतो आणि त्यांची बेरीजही वेगळी तोलतो. सरासरी बेरजेतून काढतो, कारण ०.१ ग्रेन वाचणाऱ्या तराजूची चूक दहात वाटली जाते. सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड चार्ज यांतला फरक कार्डावर लिहून पार्सलमध्ये ठेवतो. बॉल पावडरीला ०.२ ग्रेनच्या आत फरक असेल तर मेझर बरं. लांब दाण्यांना तो जास्त येतो आणि तो ड्रमचा दोष नाही. दाणे पोकळीत आडवेतिडवे बसतात. हँडलची गती आणि टोकाला मारलेली टिचकी दरवेळी सारखी नसेल तर आमचं कार्ड आणि ग्राहकाचे आकडे जुळणार नाहीत.

काही कामं आम्ही घेत नाही. गळ्याजवळ तडकलेली बीडाची बॉडी जोडत नाही, कारण वेल्डच्या उष्णतेने बोअर वाकतो. पोलादी ड्रम आणि प्लॅस्टिक हॉपरचं मेझर ब्लॅक पावडरसाठी (जुन्या पद्धतीच्या काळ्या दारूसाठी) तयार करून द्या, ही विनंती सरळ नाकारतो. ब्लॅक पावडर ठिणगीने पेटते. तिच्यासाठी ठिणगी न देणाऱ्या धातूंचं वेगळं मेझर लागतं. विकण्यासाठी काडतुसं भरायला अमेरिकेत फेडरल परवाना लागतो, मेझरचे भाग बनवायला नाही. आम्ही भागांपुरतेच राहतो, आणि कुठल्या काडतुसात किती ग्रेन हे सांगत नाही. ते पावडर कंपनीच्या चालू मॅन्युअलमधून घ्यावं, जुन्या मेझरवरच्या तक्त्यातून कधीच नाही. तक्त्यावरचं पावडरचं नाव आज तेच असलं तरी पावडर तीच असेल असं नाही.

पार्सल पाठवण्याआधी मेझर पूर्ण रिकामं करा. अमेरिकेच्या पोस्टातून पावडर पाठवायला बंदी आहे, आणि ड्रमच्या मागे अडकलेले दाणेही पावडरच. ड्रम बाहेर काढा, बॉडी ब्रशने झाडा, हॉपर वेगळा गुंडाळा. ड्रम कुठल्या बाजूने आत जातो त्यावर पेन्सिलने खूण करा, आणि जुने मोडके स्क्रू फेकू नका. मूळ आट्यांचा पुरावा बहुतेक वेळा त्यांच्यावरच उरलेला असतो.