गोठ्याची भिंत

सिन्नर तालुक्यातलं आमचं मळ्यातलं घर पंजोबांनी बांधलेलं. काळा दगड, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर, आणि ओसरीला चिकटून गोठा. घर आणि गोठा यांच्यात भिंत एकच, अडीच फुटी. मागच्या पावसाळ्यात ती गोठ्याच्या बाजूला पोट काढून बसली. ओळंबा सोडला तर मधोमध चार बोटं बाहेर.

पहिला ठेकेदार दारातूनच म्हणाला, "पाडा, आरसीसी करू." दुसऱ्याने तेच सांगितलं, फक्त कोटेशन छापून दिलं. शेवटी नाशकात जुन्या देवळांच्या डागडुजीवर काम केलेले एक म्हातारे मिस्तरी मिळाले. त्यांनी गव्हाणीमागचा सिमेंटचा गिलावा छिन्नीने उडवला. आत पांढरी भुकटी, मिठासारखी. "लोणा आहे, भाऊ. गुरांचं मूत मुरलंय. वरून तुम्ही सिमेंट थापलंत, मग त्यानं जायचं कुठं?"

थापलं होतं वडिलांनी, तेही चांगल्या हेतूने. आमचा बेसाल्ट स्वतः पाणी फारसं पीत नाही, ओल चढते ती सांध्यांमधून. पूर्वी ती तशीच सुकायची. सिमेंटने वाट बंद झाली, आतल्या आत क्षाराचे खडे धरले आणि मातीचा सांधा भुसभुशीत झाला. त्यात आम्ही मूळची दगडी फरशी झाकून वर कोबा केलेला. फरशीचा उतार मोरीकडे होता, कोब्याचा नेमका भिंतीकडे! वीस वर्षं रोज गोठा धुऊन आम्हीच ती भिंत भिजवत होतो. हे कळलं तेव्हा आई आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो.

आधी तुळयांना टेकू दिले, कारण माळवदाचा सगळा भार याच भिंतीवर. मग फुगलेला आठ फुटांचा भाग वरून एकेक थर उतरवला. अशी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात. दोन्हीकडे घडीव चिरे, मध्ये कपच्या-मातीची भर, आणि दोघींना धरून ठेवायला अधूनमधून आरपार जाणारा लांब दगड. फुगलेल्या भागात असा दगड एकही नव्हता. पंजोबांनी तिथे काटकसर केली असावी, किंवा पाथरवटाने त्यांना फसवलं असावं.

चिऱ्यांवर नंबर टाकायचं काम माझं. मी खडूने टाकले. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला आणि सकाळी अंगणात सगळे दगड कोरे. मिस्तरी काही बोलले नाहीत, फक्त तंबाखू मळत बसले. मग मोबाइलमधले फोटो आणि दगडांवरचे टाकीचे घाव जुळवत चार दिवस गेले. या वेळी ऑइलपेंट.

तोवर खड्ड्यात कळीचा चुना भिजत होता. पाणी ओतलं तेव्हा तो असा खदखदला, की कुत्रं मळ्याबाहेर पळालं. वीस दिवस मुरल्यावर वाळू घालून मळला, त्यात बेलफळाचं आणि गुळाचं पाणी. सिमेंटची सवय झालेल्याला चुन्याचा संथपणा सोसत नाही. तो हवा खात हळूहळू घट्ट होतो, म्हणून दिवसाला दोनच थर आणि वर ओली पोती. चार नवे लांब दगड घडवून आरपार बसवले. कोबा फोडून खालची फरशी मोकळी केली.

माजघरातून गोठ्यात उघडणारा झरोका बुजवावा असं माझं मत होतं, वास येतो म्हणून. आई ऐकेना. रात्री बैल उठला, दावं अडकलं, तर अंथरुणातूनच दिसायचं म्हणे. आता बैल नाहीत, एक गाय आहे. झरोका ठेवला.

पाडून आरसीसी करण्यापेक्षा खर्च कमी झाला नाही, जवळपास तेवढाच आला. वेळ मात्र तिप्पट. भिंतीवरचं माळवद तेवढं राहिलंय. किलच्या, म्हणजे तुळयांवरच्या लाकडी पट्ट्या, बदलल्या, पाला अंथरला, पण वर टाकायला चांगली पांढरी माती जवळपास मिळेना. सध्या ताडपत्री टाकली आहे. मिस्तरी म्हणालेत, मृगाच्या आधी माती आणा, नाहीतर मला बोलावू नका.