तिसाव्या दिवशी रुग्ण कुठे असतो? न्यूमोनियावरील प्रबंधाचा माझा अनुभव

एम.डी. मेडिसिनच्या तीन वर्षांत वॉर्ड, आयसीयू आणि रात्रपाळ्या सांभाळून एक प्रबंध पूर्ण करावा लागतो, आणि लेखी परीक्षेच्या किमान सहा महिने आधी तो सादर झाला नाही, तर पुढचे सगळेच अडते. त्यामुळे विषय निवडताना बहुतेक निवासी डॉक्टर आधी तो वेळेत संपेल का हे पाहतात आणि मग त्यातून काही हाती लागेल का याचा विचार करतात. मी नवी मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते. घरी असताना न्यूमोनिया होऊन दाखल झालेल्या प्रौढ रुग्णांमध्ये 'कर्ब-६५' हा स्कोअर मृत्यूचा अंदाज कितपत बरोबर देतो, हे तपासण्याचा विषय माझ्या वाट्याला आला. न्यूमोनियाचे रुग्ण बारा महिने येतात आणि पावसाळ्यात तर खाटा पुरत नाहीत, म्हणून सहकाऱ्यांच्या मते मी सुटले होते.

हा स्कोअर २००३ साली 'थोरॅक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्स येथील १०६८ रुग्णांच्या नोंदींवरून तो तयार करण्यात आला होता. रुग्ण गोंधळलेला असणे, रक्तातील युरिया ७ मिलिमोल प्रतिलिटरपेक्षा जास्त असणे, श्वासाचा वेग मिनिटाला ३० किंवा अधिक असणे, वरचा रक्तदाब ९० पेक्षा कमी किंवा खालचा ६० अथवा त्याहून कमी असणे, आणि वय ६५ किंवा त्यापुढे असणे, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी एक गुण दिला जातो. मूळ अभ्यासात शून्य किंवा एक गुण असलेल्यांपैकी तीस दिवसांत १.५ टक्के, दोन गुणांच्या गटात ९.२ टक्के आणि तीन किंवा अधिक गुणांच्या गटात २२ टक्के रुग्ण दगावले होते. कोणाला गोळ्या देऊन घरी पाठवायचे, कोणाला वॉर्डात ठेवायचे आणि कोणासाठी आयसीयूत खाट शोधायची, हे कॅज्युअल्टीत उभ्या उभ्या ठरवण्यासाठी याहून सुटसुटीत साधन क्वचितच मिळेल.

माझ्यापुढे पहिला खरा प्रश्न उभा राहिला तो 'तीस दिवस' या दोन शब्दांमुळे. आधीच्या प्रबंधांपैकी अनेकांनी रुग्णालयात झालेला मृत्यू एवढाच निष्कर्षबिंदू धरला होता, कारण तो केसपेपरवरच सापडतो आणि रुग्ण घरी गेला की अभ्यासकाचे काम संपते. मार्गदर्शकांनी मला दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या, मात्र एक गोष्ट बजावून सांगितली. आपल्याकडे सर्वांत गंभीर रुग्णांपैकी काहींना नातेवाईक सल्ल्याविरुद्ध घरी नेतात, त्यांच्या केसपेपरवर 'डामा' असा शेरा पडतो, आणि रुग्णालयातील मृत्यू मोजणाऱ्या अभ्यासात तो माणूस जिवंत धरला जातो. ज्याला शेवटचे काही तास घरच्या माणसांत मिळावेत म्हणून नेले, त्याची गणना बऱ्या झालेल्यांत करणारा अभ्यास मला करायचा नव्हता. मी तीस दिवसांची वाट धरली आणि बाकीचे सगळे काम त्याच एका निर्णयाभोवती फिरत राहिले.

प्रस्ताव आचारसमितीपुढे गेला तेव्हा याचा पहिला प्रत्यय आला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो, आणि सदस्यांत कायदा जाणणाऱ्या व्यक्तीबरोबर वैद्यकाशी संबंध नसलेली एक सामान्य व्यक्तीही असावी लागते. आमच्या समितीत ती जागा एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडे होती. डॉक्टर सदस्य नमुनासंख्येच्या सूत्रावर बोलत असताना त्यांनी शांतपणे विचारले की, महिन्याने फोन करून माणूस हयात आहे की नाही हे तुम्ही विचारणार असाल, तर फोन येणार हे संमतीपत्रात कुठे लिहिले आहे, आणि तो उचलणार कोण? माझ्या मसुद्यात 'पाठपुरावा केला जाईल' असे एक गुळगुळीत वाक्य होते. ते काढून, कोण फोन करील, साधारण कधी करील, काय विचारील आणि उत्तर द्यायचे नसल्यास नुसते 'नको' म्हटले तरी चालेल, असे चार वाक्यांत लिहिले. संपूर्ण मंजुरीप्रक्रियेत झालेला सर्वांत उपयोगी बदल हाच होता, असे मी आजही मानते.

संमतीचा दुसरा पेच या विषयातच दडलेला होता. ज्या रुग्णाला गोंधळलेपणाचा गुण मिळतो, तो माणूस संमती देण्याच्या स्थितीत नसतो, आणि त्याला वगळावे तर अभ्यासातून नेमके गंभीर रुग्णच गळतात. म्हणून अशा वेळी कायदेशीर प्रतिनिधीची, म्हणजे बहुधा पती, पत्नी किंवा मुलाची संमती घ्यायची आणि रुग्ण सावध झाल्यावर त्याला सर्व समजावून पुन्हा विचारायचे, असे ठरले. काही जणांनी शुद्धीवर आल्यावर नकार दिला, तेव्हा त्यांच्या नोंदी काढून टाकल्या.

न्यूमोनियाचे निदान करणे कागदावर सोपे असते. ताप, खोकला, धाप आणि छातीच्या एक्स-रेवर नव्याने दिसणारा डाग एवढे जुळले की रुग्ण अभ्यासात येतो. प्रत्यक्षात आपल्या भागात तो डाग क्षयाचाही असू शकतो, आणि फुप्फुसाच्या वरच्या खंडात असेल तर संशय अधिकच बळावतो. त्यामुळे थुंकीची सीबीनॅट, म्हणजे क्षयाचे जंतू शोधणारी जनुकीय तपासणी आम्ही प्रत्येकाची करत होतो. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके सुरुवातीलाच दिली तर क्षयाची लक्षणे तात्पुरती दबतात आणि निदान लांबते, म्हणून युनिटमध्ये पहिली निवड सेफ्ट्रिॲक्सोन आणि अझिथ्रोमायसिन या जोडीची असे. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या एका जंतुसंसर्गाचे रुग्णही धाप लागून येत, आणि अशांना मागाहून अभ्यासातून वगळावे लागे.

आता स्कोअर मोजण्याविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण पाच सोप्या गोष्टी मोजणे किती अवघड असते, हे तोवर माझ्या लक्षात आले नव्हते. आमच्या प्रयोगशाळेचा अहवाल युरिया मिलिग्रॅममध्ये देतो, आणि मूळ स्कोअरमधील ७ मिलिमोल म्हणजे युरियाचे सुमारे ४२ मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर होतात. मात्र अमेरिकी पुस्तकांत हीच मर्यादा युरिया नायट्रोजनच्या, म्हणजे युरियातील फक्त नायट्रोजनच्या स्वरूपात, १९ किंवा २० मिलिग्रॅम अशी छापलेली असते. तो आकडा उचलून आपल्या अहवालातील युरियाला लावला, तर वॉर्डातल्या जवळजवळ प्रत्येकाला फुकटचा एक गुण मिळतो. श्वासाच्या वेगाची तऱ्हा आणखी निराळी. केसपेपर चाळले तर अर्ध्या वॉर्डाचा श्वास मिनिटाला २२ असतो आणि उरलेल्या अर्ध्याचा २४, कारण तो कोणी मोजतच नाही. आपला श्वास मोजला जातो आहे हे कळले की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो, म्हणून मी नाडीवर बोटे ठेवून, नजर मात्र छातीवर ठेवून, पूर्ण एक मिनिट मोजत असे.

गोंधळलेपणा तपासायला दहा प्रश्नांची एक छोटी चाचणी आहे आणि त्यात आठ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर रुग्ण गोंधळलेला धरतात. ती ब्रिटिश आहे. पहिले महायुद्ध कधी झाले आणि सध्या गादीवर कोण आहे, असे प्रश्न तिच्यात आहेत. त्यांच्या जागी आम्ही स्वातंत्र्य मिळाल्याचे वर्ष आणि पंतप्रधानांचे नाव घातले. तरी अडचण संपली नाही. घणसोलीच्या एका आजींना मी महिना विचारला, तेव्हा ऑक्सिजनचा मास्क किंचित बाजूला सारून त्या म्हणाल्या, "श्रावण लागलाय की, बाई. सोमवार चुकला माझा." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले आणि पूर्ण गुण दिला. जन्मतारखेचा प्रश्न तर आमच्याकडे फारसा कामाचाच नाही, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही तारीख असंख्य माणसे आयुष्यभर वापरतात आणि जी शाळेतच गेली नाहीत त्यांच्या आधारकार्डावर १ जानेवारी असते. वयाच्या ६५ व्या वर्षाला एक पूर्ण गुण असताना 'असेल साठ-सत्तर' या उत्तराचे काय करायचे? थोरल्या मुलाचे वय, लग्न कधी झाले, कोयनेचा भूकंप आठवतो का, अशा खुणांवरून आम्ही वय बांधत गेलो आणि ज्यांचे वय असे बांधले, त्यांच्या नावापुढे वेगळी खूण ठेवली.

एक त्रुटी मात्र स्कोअरचीच आहे आणि ती कॅज्युअल्टीत दिसते. त्यात ऑक्सिजनची पातळी मोजलीच जात नाही. एपीएमसी बाजारात गोण्या उचलणारा एक तरुण चालत आला, बोलत होता, रक्तदाब ठीक होता, स्कोअर शून्य होता आणि बोटावरचे यंत्र ऑक्सिजन ८४ टक्के, म्हणजे बराच कमी, दाखवत होते. त्याला कोणीही घरी पाठवले नसते. त्यामुळे 'स्कोअर कमी म्हणून घरी' हे वाक्य मी कोणाच्याही तोंडून ऐकले की आधी पल्स ऑक्सिमीटर मागते.

मग फोनचे दिवस सुरू झाले. नवी मुंबईत काम करणाऱ्या माणसाचे आजारपण अनेकदा गावी जाऊन संपते. कोपरखैरणे, तुर्भे, घणसोली या भागांतील माथाडी कामगारांची घरे सातारा, सांगली, जुन्नरकडे आहेत, आणि डिस्चार्ज मिळाला की मंडळी पहिली एसटी पकडतात. केसपेपरवरचा मोबाइल पुष्कळदा ज्याने पेपर काढला त्या शेजाऱ्याचा असतो. काही फोन फुकट गेल्यावर मी प्रत्येक दाखल रुग्णाचे तीन क्रमांक घेऊ लागले, एक घरातला, एक कामाच्या ठिकाणचा आणि एक गावाकडचा, आणि ते लिहून घेताच तिथल्या तिथे लावून पाहत असे. फोन संध्याकाळी सातनंतर करायचा, आधी आपले नाव आणि वॉर्ड सांगायचा आणि "आहेत का" असे कधीही न विचारता "आता तब्येत कशी आहे" असे विचारायचे, हे मार्गदर्शकांनी घालून दिलेले नियम होते.

बहुतेक घरांत पहिली प्रतिक्रिया भीतीची असे. "मॅडम, बिल राहिलंय का काही?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की पुढे पुढे नावानंतर लगेच 'पैशांसाठी फोन नाही' असे सांगू लागले. पाटण तालुक्यातील एका सुनेने माझा प्रश्न ऐकून फोन सासऱ्यांच्याच हाती दिला आणि त्यांनी मला भातलावणी कुठवर आली तेही सांगितले. आणखी एका घरी मुलाने शांतपणे सांगितले की, आई गेली, घरी नेल्यावर दुसऱ्याच दिवशी गेली. तिच्या केसपेपरवर 'डामा' असे लिहिलेले होते आणि प्रकृतीच्या रकान्यात 'स्थिर' असा शब्द होता. मला त्याला आणखी काही विचारायचे नव्हते, पण तो बराच वेळ बोलत राहिला आणि मी ऐकत राहिले. संशोधनाच्या अर्जात या वेळेसाठी रकाना नसतो, आणि अशा फोननंतर लगेच दुसरा लावता येत नाही, एवढे मी कनिष्ठांना सांगून ठेवले आहे.

इतके करूनही काही जण सापडले नाहीत. हे 'न सापडलेले' इतरांसारखेच असतात असे गृहीत धरून त्यांना गाळून टाकणे ही सोपी पद्धत आहे, परंतु भविष्याचा अंदाज बांधणाऱ्या अभ्यासात ती सर्वांत घातक आहे, कारण फोन बंद असण्याचे एक कारण मृत्यूही असते. पीएसएम, म्हणजे जनआरोग्य शिकवणाऱ्या विभागातील संख्याशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने मी गणित दोन वेळा मांडले, एकदा सर्व न सापडलेले जिवंत धरून आणि एकदा सर्व मृत धरून. दोन्ही टोकांना स्कोअरची चढण तीच राहिली, म्हणजे गुण वाढतील तसे मृत्यूचे प्रमाण वाढत गेले. मात्र कमी गुणांच्या गटातील प्रत्यक्ष प्रमाण दोन टोकांत बरेच वेगळे निघाले, आणि घरी पाठवण्याचा निर्णय तर त्याच गटाबाबत घ्यायचा असतो. आपला स्वतःचा नवा स्कोअर तयार करण्याचा मोह मला याच सुमारास झाला होता. दर एका घटकामागे निदान दहा मृत्यू तरी हवेत, या जुन्या ठोकताळ्याकडे बोट दाखवून संख्याशास्त्रज्ञांनी तो तिथेच थांबवला. आमच्याकडच्या आकड्यांत जुन्या स्कोअरची पारख करता येत होती, नवा घडवता येत नव्हता.

प्रबंध मुदतीत सादर झाला. तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या परीक्षकांनी निष्कर्षांचे प्रकरण न उघडता रुग्णांच्या प्रवाहतक्त्याचे, म्हणजे किती रुग्ण घेतले आणि किती कुठे गळले हे दाखवणाऱ्या आकृतीचे पान काढले, 'संपर्क झाला नाही' या चौकटीवर पेन ठेवले आणि हे लोक कुठे गेले असे विचारले. तिघांचे मोबाइल क्रमांक दुसऱ्याच कोणाला मिळाले होते, काही जण खोली बदलून गेले होते, एका कुटुंबाने पुन्हा फोन करू नका असे सांगितले होते आणि उरलेल्यांबद्दल कारणही कळले नव्हते, असे मी सांगितले. त्यांनी दोन टोकांच्या गणिताचा तक्ता कुठे आहे ते विचारले, तो मिनिटभर वाचला आणि मला पुढच्या टेबलावर रुग्ण तपासायला पाठवले.