डिग्री अप्रेंटिसशिप: कोडिंग जमलं, इंग्रजीच्या कागदानं अडवलं

इंग्लंडमधल्या एका मोठ्या कंपनीत माझी सॉफ्टवेअरची डिग्री अप्रेंटिसशिप झाली, पदवी हातात आली, पण एका ईमेलचा राग काही जात नाही. 'आपल्याकडे लेव्हल दोनच्या इंग्रजीचा पुरावा आढळत नाही.' (लेव्हल दोन म्हणजे साधारण इथल्या दहावीची पातळी.) इंग्रजीतून लेक्चरं ऐकून, इंग्रजीतून असाइनमेंट लिहून आणि रोज सकाळी स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीत, इंग्रजीतच तोंड चालवून झाल्यावर, अगदी शेवटच्या टप्प्यावर हे आलं.

हा प्रकार नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये डिग्री अप्रेंटिसशिप 2015 पासून आहे. तुम्ही कंपनीचे पगारी कर्मचारी असता आणि नोकरीच्याच वेळेत विद्यापीठाची पदवी करता. फी तुम्ही भरायची नसते. ज्या कंपन्यांचा वर्षाचा पगारखर्च 30 लाख पौंडांच्या वर जातो, त्यांच्याकडून सरकार 2017 पासून वरच्या रकमेवर अर्धा टक्का लेव्ही नावाचा कर घेतं, त्यातून शिक्षणाचा खर्च निघतो. माझ्या कोर्सचं नाव 'डिजिटल अँड टेक्नॉलॉजी सोल्युशन्स प्रोफेशनल', लेव्हल सहा, म्हणजे पदवीच. मी बारावी करून 2018 साली आईबाबांबरोबर इकडे आले आणि 2021 मध्ये रुजू झाले. मधली वर्षं का गेली ते पुढे सांगते.

अर्ज, ऑनलाइन चाचण्या, असेसमेंट सेंटर यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी लिहीत नाही. कामही छान होतं. पहिले काही महिने दुसऱ्यांचा कोड वाचणं, टेस्ट लिहिणं, किरकोळ बग काढणं. माझ्या पहिल्या पुल रिक्वेस्टवर (स्वतःचा कोड इतरांना तपासायला देतात ती) कोडपेक्षा शेरेच जास्त होते. वर्षभरात मीच दुसऱ्यांना शेरे द्यायला लागले.

आता त्या कागदाबद्दल. अप्रेंटिसशिपच्या शेवटी 'गेटवे' नावाची पायरी असते. कंपनी आणि ट्रेनिंग प्रोव्हायडर (माझ्या बाबतीत विद्यापीठच) दोघांनी 'ही तयार आहे' म्हटलं आणि कागद पूर्ण असले की मगच शेवटचं असेसमेंट होतं. त्या कागदांत गणित आणि इंग्रजीचं लेव्हल दोनचं प्रमाणपत्र लागायचं. इथल्या मुलांकडे शाळेतलं जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, असतं, त्यांचा प्रश्नच येत नाही. माझ्याकडे महाराष्ट्र बोर्डाची दहावी-बारावीची मार्कशीट. प्रवेशाच्या वेळी ती अपलोड केली, विचारलंसुद्धा की एवढं पुरेल ना? 'सध्या चालेल, पुढे बघू,' असं उत्तर आलं. पुढे कोणीच बघितलं नाही. दर तीन महिन्यांनी मी, मॅनेजर आणि कोच अशी तिघांची आढावा बैठक व्हायची. त्या फॉर्ममध्ये 'गणित आणि इंग्रजी' असा रकाना होता आणि त्यात प्रत्येक वेळी 'प्रक्रियेत' असं भरलेलं असायचं. प्रक्रिया कसली, ते भरणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

गेटवे जवळ आला तेव्हा फाइल प्रोव्हायडरच्या कागदपत्र विभागात गेली. तिथल्या बाईंनी टीम्सवर स्क्रीन शेअर करून माझी दहावीची मार्कशीट उघडली, इंग्रजीच्या ओळीवर कर्सर नेला आणि विचारलं, "हे कंसात दोन भागिले तीन काय आहे? तुम्ही दोन तृतीयांश इंग्रजी शिकलात का?" मराठी माध्यमवाल्यांना कळेल. द्वितीय किंवा तृतीय भाषा, एवढाच त्याचा अर्थ. मी समजावलं, त्यांनी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी लेखी आलं की इंग्रजी दुय्यम भाषा म्हणून घेतल्याचं मार्कशीटवरच दिसतं, तेव्हा यूके एनिककडून (परदेशी शिक्षणाची इथल्याशी तुलना करणारी संस्था) तुलनेचा दाखला आणा. आणला, स्वतःच्या पैशानं. दाखल्यात परीक्षेचा एकूण दर्जा काय ते लिहिलं होतं, इंग्रजीबद्दल वेगळं वाक्य नव्हतं. गणित त्यांनी मान्य केलं. इंग्रजी नाही. का, हे शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. फोन लावला की 'धोरण तसं आहे', आणि धोरण दाखवा म्हटलं की 'ईमेल करा'. माझ्या बॅचची मुलं एकेक करून पुढे सरकत होती आणि मी सरकारी कचेरीत टोकन घेऊन बसल्यासारखी तिथेच.

शेवटी मॅनेजर म्हणाला, भांडण नंतर कर, आधी परीक्षा देऊन टाक. त्याचं बरोबर होतं, हे कबूल करायला मला अजूनही जड जातं. ही परीक्षा म्हणजे फंक्शनल स्किल्स इंग्लिश, लेव्हल दोन. वाचन, लेखन आणि बोलणं-ऐकणं असे तीन भाग, तिन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. लेखनात शब्दकोश चालत नाही, स्पेलचेकही नाही. आयुष्यभर कॉम्प्युटरवरच्या एडिटरनं लाल रेघ मारून दिलेल्या माणसाला ते जाणवतं, तेव्हा आठवडाभर हातानं लिहायचा सराव करा. बोलण्याच्या भागात तयार केलेलं भाषण, त्यावर प्रश्न आणि मग गटचर्चा. मी भाषणाला विषय घेतला 'कोड रिव्ह्यू कसा करावा', म्हणजे दुसऱ्याचा कोड कसा तपासावा. परीक्षकांनी उत्सुकतेनं प्रश्न विचारले, त्यामुळे तो भाग मजेत गेला. निकाल आला तेव्हा आनंद वगैरे काही झाला नाही, पीडीएफ त्या विभागाला फॉरवर्ड केली आणि मजकुरात एक शब्दही लिहिला नाही.

त्यात आणखी एक. नोकरीतला ठरावीक वेळ शिकण्यासाठी राखून त्याची नोंद ठेवावी लागते. माझ्या वेळी वीस टक्के, म्हणजे साधारण आठवड्यातला एक दिवस. ऑगस्ट 2022 ते जुलै 2025 मध्ये सुरू करणाऱ्यांसाठी आठवड्याला सरासरी किमान सहा तास होते. पण गणित-इंग्रजीची तयारी या तासांत धरत नाहीत, ती वेगळी. ती पगारी वेळेत करू देणं मात्र कंपनीवर बंधनकारक आहे. मला हे कोणी आपणहून सांगितलं नाही, तुम्ही मागून घ्या.

नोंदीबद्दल सांगायचं तर रोजच्या रोज लिहा. 'नवीन लायब्ररी शिकले' एवढ्यानं भागत नाही. काय शिकलात, कामात कुठे वापरलं आणि कोर्सच्या यादीतल्या कुठल्या कौशल्याला ते लागू पडतं, हे हवं. या नोंदी चांगल्या असतील तर पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामाच्या पुराव्यांचा संच, त्यातूनच उभा राहतो, आणि शेवटच्या चर्चेत परीक्षक त्याच्यावरूनच विचारतात. माझं ते असेसमेंट, म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्ट, प्रेझेंटेशन आणि चर्चा, अपेक्षेपेक्षा सोपं गेलं.

फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारनं जाहीर केलं की अप्रेंटिसशिप सुरू करताना वय 19 किंवा जास्त असेल तर गणित-इंग्रजीची सक्ती नाही, कंपनीनं ठरवावं. माझं सगळं उरकल्यावर! पण खूश होऊ नका. कंपनी किंवा विद्यापीठ प्रवेशालाच ते मागू शकतं. तेव्हा ऑफर हातात आली की मार्कशीट पाठवा आणि 'ही पुरेल' असं ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं 'चालेल' धरू नका.

आणि ती मधली वर्षं. भारतातून थेट अर्ज करता येतो का, असं मला बरेच जण विचारतात. नाही येत. सरकारी निधीसाठी इथे काम करायचा हक्क लागतो आणि बहुतेकांना आधीची तीन वर्षं इथलं वास्तव्य दाखवावं लागतं. मुख्यतः पूर्णवेळ शिक्षणासाठी राहिलेली वर्षं त्यात मोजत नाहीत, म्हणून स्टुडंट व्हिसावाल्यांनी अर्जात वेळ घालवण्याआधी हे तपासावं. माझ्याकडे बाबांचा डिपेंडंट व्हिसा होता, तरी तीन वर्षं भरेपर्यंत दुकानात काम केलं.

पगाराचंही बघून घ्या. अप्रेंटिसचं कायदेशीर किमान वेतन एप्रिल 2025 मध्ये तासाला 7.55 पौंड ठरलं होतं आणि पहिल्या वर्षी कोणत्याही वयाला हे किमान वेतनच देता येतं. मोठ्या कंपन्या सहसा जास्त देतात, पण दुसऱ्या वर्षी किती वाढणार हे ऑफर लेटरमध्ये नसेल तर सही करण्याआधी विचारा.