जर्मनीहून आलेला हेडलाईट

वाईत माझं छोटं गॅरेज आहे, पसरणी घाटाच्या पायथ्याला, त्यामुळे रात्रीच्या लायटीच्या तक्रारी जरा जास्तच येतात. "फोकस लावून दे" एवढंच सांगतात लोक. बघायला जावं तर डिकीत पोती ठासलेली असतात म्हणून गाडीचं तोंड वर, नाहीतर ६०/५५ वॅटच्या जागी कुणीतरी १००/९० वॅटचा बल्ब कोंबलेला.

हे काका वेगळे. रिटायर्ड शिक्षक, जुनी हॅचबॅक, लेकीकडे पाचगणीला जाऊन रात्री घाट उतरून येतात. म्हणाले, समोरचा प्रत्येकजण डिपर मारतो, काल एका टेम्पोवाल्याने तर गाडी आडवी घालून शिव्या दिल्या. "अरे मी डिपरवरच होतो रे, अप्परला हातसुद्धा लावला नव्हता!" डिपर म्हणजे जवळचा, खाली पडणारा उजेड, अप्पर म्हणजे लांबचा.

मी काय केलं, उजव्या दिव्याच्या मागचा स्क्रू थोडा फिरवून दिवा खाली केला आणि पैसे नकोत म्हणून पाठवून दिलं. चार दिवसांनी हजर. आता शिव्या कमी झाल्या पण रस्ताच दिसत नाही म्हणे, सगळा उजेड बंपरपुढे पडतो. परत वर केला, परत हजर. तिसऱ्यांदा आले तेव्हा मलाच लाज वाटली, कारण खरं सांगायचं तर दोन्ही वेळा मी अंदाजपंचे काम केलं होतं.

मग अंधार पडेपर्यंत थांबवलं त्यांना. टायरची हवा बघितली, डॅशबोर्डवरचं दिवे वरखाली करायचं चाक शून्यावर, काकांना ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि मागच्या पांढऱ्या भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी केली. बल्बच्या उंचीची खूण करून ३ इंच खाली चिकटपट्टी लावली. उजव्या दिव्यावर पुठ्ठा धरला. डावा एकदम टकाटक, उजेडाची कड उजवीकडे सपाट आणि मधून डावीकडे वर चढलेली. आपण डावीकडून चालतो ना, म्हणून समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये असा उजवीकडे कापलेला आणि कडेचा माणूस, दगड, कुत्रं दिसावं म्हणून डावीकडे उचललेला.

पुठ्ठा काढला आणि पोऱ्या ओरडला, "शेठ, हे बघा!" उजव्या दिव्याची कड उजवीकडे वर चढत होती, दोन्ही मिळून भिंतीवर चक्क इंग्रजी व्ही. बल्ब तिरका बसला असेल म्हणून काढून परत खाचेत नीट बसवला, व्ही काय हलेना. स्क्रूने अख्खा दिवा वरखाली, आजूबाजूला होतो, कडेचा आकार थोडाच बदलणार.

मग टॉर्च घेऊन दिव्यांच्या काचा बघितल्या. डाव्या काचेवर खाली एक बारीक बाण, समोर उभं राहिलं की आपल्या उजव्या हाताकडे रोखलेला, म्हणजे गाडीच्या डाव्या अंगाकडे. उजव्या काचेवर बाणच नाही. बाण नाही म्हणजे तो दिवा उजवीकडून गाड्या चालतात तिथला.

"काका, हा दिवा आणला कुठून?"

काका जरा थांबले. गेल्या वर्षी फाटकाला घासून दिवा फुटला, इथे किंमत ऐकून घाम फुटला, आणि भाचा असतो जर्मनीत, त्याने तिकडच्या भंगारातून ओरिजिनल काढून बनियनमध्ये गुंडाळून बॅगेतून आणला. "कंपनीचाच आहे रे, एक ओरखडा नाही." खरंच नव्हता, आपल्याकडच्या डुप्लिकेटपेक्षा शंभरपट चांगला माल, फक्त चुकीच्या देशात आलेला.

त्या रात्रीपुरती काचेवर काळी टेप लावली, भिंतीकडे बघत एकेक बोट सरकवत, वर चढणारा तुकडा झाकेपर्यंत. आठवड्याने इथला दिवा मागवून बसवला, भिंतीवर दोन्ही कडा जुळल्या, तेव्हा काका खाली उतरून स्वतः बघून आले.

जर्मन दिवा माझ्याच फळीवर आहे. घरी नको म्हणाले, डिसेंबरात भाचा येतोय आणि त्याला यातलं काही कळता कामा नये.