झाल्याच्या वेळी आवाज का फाटतो: कार्ट्रिज पारखण्याचा माझा अनुभव

रागसंगीताच्या एलपीत एक अडचण मुळातच असते. आलाप बाहेरच्या कडेला सुरू होतो, विलंबित हळूहळू आत सरकतं, आणि द्रुत, झाला (सतारीसारख्या वाद्यावरचा शेवटचा, अतिजलद भाग), शेवटची तिहाई हे सगळं लेबलाच्या जवळ येऊन पडतं. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरेच घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते आणि अगदी आत जेमतेम 21. म्हणजे जिथे आघात सर्वांत दाट, तिथेच ते कोरायला जागा सर्वांत कमी. माझ्याकडच्या बऱ्याच रेकॉर्ड्समध्ये झाला सुरू झाला की चिकारीच्या (सतारीवर लय धरणाऱ्या बाजूच्या) तारा चिरकायच्या, तबल्याची चाट (कडेवरचा आघात) बोथट व्हायची, गाण्यात ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे यायचे. हा दोष रेकॉर्ड झिजल्याचा, की माझ्या सुईचा? तो शोधताना मी कार्ट्रिजच्या (सुई धरणारा, तिची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग) तुलनेत शिरलो, आणि तुलना म्हणजे काय हेच आधी ठरवावं लागलं.

कार्ट्रिज बदललं की आवाज बदलतो हे सगळेच सांगतात. कुणी ‘उबदार’ म्हणतं, कुणी ‘मोकळा’, कुणी ‘कोरडा’. यातलं किती कार्ट्रिजचं, किती जोडणीचं आणि किती निव्वळ आवाज मोठा असल्याचं, हे वेगळं काढल्याशिवाय त्या शब्दांवर विसंबायला मी तयार नव्हतो.

सुरुवात ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम 95 पासून केली, कारण त्याची रचना अशा कामाला फार सोयीची आहे. कार्ट्रिज तेच ठेवून फक्त सुईचा भाग ओढून काढायचा आणि दुसरा बसवायचा. कॉइल त्याच, वायरी त्याच, हेडशेलवरचे (कार्ट्रिजच्या बैठकीवरचे) स्क्रूही जागचे हलत नाहीत. मी तीन सुया घेतल्या: साधी कोनिकल (गोल टोकाची), इलिप्टिकल (लंबवर्तुळाकार टोकाची) आणि मायक्रोलिनिअर (अगदी बारीक कडेची). जोडीला दुसऱ्या घराण्याचं म्हणून ऑर्टोफोन 2एम ब्लू, आणि एका मित्राने काही काळ वापरायला दिलेलं डेनॉनचं डीएल-103. हे शेवटचं 1960 च्या दशकापासूनचं, जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या वापरासाठी घडवलेलं मूव्हिंग कॉइल, म्हणजे ज्यात चुंबकाऐवजी कॉइल हलते असं.

पहिल्या ऐकण्यात 2एम ब्लू सरळ जिंकलं. गळा पुढे आला, डग्ग्याचा घुमारा भरला, सगळंच जवळ आल्यासारखं वाटलं. मग मी माहितीपत्रकं उघडली. 2एम ब्लू 5.5 मिलिव्होल्ट देतं, व्हीएम 95 ची इलिप्टिकल सुई 4 आणि मायक्रोलिनिअर 3.5. व्हॉल्यूमचा खटका तसाच ठेवला तर 2एम ब्लू इलिप्टिकलपेक्षा पावणेतीन आणि मायक्रोलिनिअरपेक्षा जवळजवळ 4 डेसिबलने मोठं वाजणार. एवढा फरक कानाला ‘मोठा’ असा कळत नाही, ‘चांगला’ असा कळतो. एकाच घरातल्या दोन सुयांमध्येसुद्धा डेसिबलभराचं अंतर आहे. त्यामुळे पातळी जुळवल्याशिवाय केलेली कुठलीही तुलना मी बाजूला ठेवायला लागलो, माझी स्वतःची धरून.

दुसरी गोष्ट कपॅसिटन्सची (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेची), आणि याबद्दल मला मनापासून वाटतं की मूव्हिंग मॅग्नेट (व्हीएम 95 आणि 2एम ब्लूसारखं, ज्यात चुंबक हलतो असं) वापरणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तपासावी. टोनआर्मपासून (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यापासून) फोनो प्रिअँपपर्यंतची (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या यंत्रापर्यंतची) केबल आणि प्रिअँपचं इनपुट मिळून जेवढे पिकोफॅरड होतात, ते कार्ट्रिजच्या कॉइलशी मिळून वरच्या पट्टीत एक उठाव तयार करतात. व्हीएम 95 इलिप्टिकलचं इंडक्टन्स सुमारे 550 मिलिहेन्री आहे. माझ्या जोडणीचं मीटरवरचं माप साडेतीनशे पिकोफॅरडच्या आसपास निघालं. गणित मांडलं तर हा विद्युत अनुनाद साडेअकरा हजार हर्ट्झच्या जवळ बसतो, ऐन ‘स’काराच्या आणि झांजेच्या शेजारी. त्याच्यावरचं सगळं झपाट्याने खाली घसरतं. कपॅसिटन्स दीडशेवर आणलं की तोच बिंदू साडेसतरा हजारांपर्यंत वर सरकतो आणि बराचसा वाटेतून बाजूला होतो.

व्हीएम 95 साठी शिफारस आहे 100 ते 200 पिकोफॅरडची, 2एम ब्लूसाठी 150 ते 300 ची. जुन्या केबलवर मी या दोघांना लढवलं असतं तर एकाचे हात बांधून लढवल्यासारखं झालं असतं. आखूड, कमी कपॅसिटन्सची केबल घेतली, प्रिअँपच्या मागचा खटका सर्वांत खालच्या आकड्यावर आणला, आणि एकूण बेरीज दीडशे ते दोनशेच्या मध्ये, म्हणजे दोघांनाही मानवेल अशी बसवली. नुसत्या एवढ्याने व्हीएम 95 चा जो ‘चमकदार स्वभाव’ मला वाटत होता तो निम्मा उतरला. तो त्याचा स्वभाव नव्हताच.

बसवण्याचं काम थोडक्यात सांगतो, कारण त्यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे. वजनकाट्यावर व्हीएम 95 ला 2 ग्रॅम, 2एम ब्लूला 1.8, डीएल-103 ला 2.5. प्रोट्रॅक्टरवर (सुईचा कोन तपासायच्या पट्टीवर) तबकडीच्या केंद्रापासून 66 आणि 120.9 मिलिमीटरच्या दोन बिंदूंवर सुई खाचेला समांतर. कार्ट्रिज बदललं की उंची बदलते, म्हणून टोनआर्मची उंचीही प्रत्येक वेळी नव्याने. टोनआर्म आणि कार्ट्रिजच्या यांत्रिक अनुनादासाठी (वर आला तो विद्युत, हा वेगळा) सोपं सूत्र आहे: टोनआर्म, कार्ट्रिज आणि स्क्रू यांचं मिळून प्रभावी वजन ग्रॅममध्ये, त्याला कंप्लायन्सने (सुईच्या लवचीकपणाच्या आकड्याने) गुणा, वर्गमूळ काढा आणि 159 ला त्याने भागा. वजन 20 आणि कंप्लायन्स 12 असेल तर सव्वादहा हर्ट्झ येतात. 8 ते 12 च्या मध्ये आलं की चिंता नाही. हेडशेलच्या वायरी मात्र चिमट्याने आणि उजेडात: पांढरी डावी, निळी तिची जोडीदार, लाल उजवी, हिरवी तिची जोडीदार. त्या बारीक क्लिपा जोर लावला की वायरीपासून सुटतात.

ऐकण्यासाठी सगळं रेकॉर्डिंग करून घ्यायचं ठरवलं. कार्ट्रिज बदलायला जो वेळ जातो तेवढ्यात कानाची आठवण विरून जाते. पंधरा मिनिटांपूर्वीच्या ‘स’ची आत्ताच्या ‘स’शी तुलना करता येत नाही. ऑडिओ इंटरफेसवर 24 बिट, 96 किलोहर्ट्झ अशा फायली घेतल्या. दर वेळी आधी एक पूर्ण बाजू वाजवून सुईला धरणारं सस्पेन्शन सैल होऊ दिलं, मग टेस्ट रेकॉर्डवरचा 1 किलोहर्ट्झचा सूर घेतला आणि मग निवडलेले तुकडे. त्या सुरावरून संगणकात पातळी जुळवली, डावी आणि उजवी वेगवेगळी, डेसिबलच्या दहाव्या हिश्शापर्यंत.

इथे एक बारकावा मला कुणी सांगितला नव्हता. तबकडीचं भोक स्पिंडलपेक्षा किंचित सैल असतं. रेकॉर्ड उचलून परत ठेवली की ती केसभर सरकते, आणि तंबोऱ्याचा स्थिर सूर दर फेऱ्याला वेगळ्या अंदाजाने डुलतो. गाण्यात हे लपतं, तंबोऱ्यात उघडं पडतं. मग एकाच रेकॉर्डवर सगळ्या सुयांचं काम होईपर्यंत ती प्लॅटरवरून उचलायचीच नाही, जागच्या जागी ब्रश फिरवायचा, असा नियम केला. त्यासाठी पातळीचा सूर वेगळ्या वेळी घेऊन ठेवावा लागला आणि कामाचा क्रम उलटापालटा झाला, पण डुलण्यावरून फाइल ओळखू येणं बंद झालं.

फायली एबीएक्स पद्धतीने ऐकल्या. संगणक ‘क्ष’ म्हणून एक तुकडा वाजवतो, तो अ आहे की ब हे आपण सांगायचं. 16 पैकी निदान 12 बरोबर आले तरच फरक खरा मानायचा. केवळ नशिबाने तेवढे बरोबर येण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी असते. हे ऐकणं फार थकवणारं आहे. कान शिणला की थांबायचं, ओढून ताणून आकडा पुरा करायचा नाही.

बाहेरच्या खाचांत जे निघालं त्याने मी थक्क झालो. पातळी आणि कपॅसिटन्स जुळवल्यावर गायनाच्या तुकड्यांत इलिप्टिकल आणि मायक्रोलिनिअर मला ओळखता येईनात. 2एम ब्लू आणि व्हीएम 95 मधला फरक तंबोऱ्याच्या जवारीत सापडला: 2एममध्ये जवारीचा वरचा झणकार जरा पुढे, व्हीएममध्ये जरा मागे. आहे, पण पहिल्या दिवशी जी दोन वेगळी जगं वाटली होती त्यातलं एवढंच उरलं.

आतल्या खाचांत मात्र चित्र पालटलं. झाल्याचा तुकडा लावला आणि कोनिकल पहिल्या दोन सेकंदांत ओळखू आली. इलिप्टिकल आणि मायक्रोलिनिअरही सहज वेगळ्या कळायला लागल्या. कारण समजून घेतलं तेव्हा फार समाधान वाटलं. आतल्या खाचेत 10,000 हर्ट्झची एक लाट फक्त 21 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) लांब असते. बाहेर तीच 51 मायक्रॉन असते. कोनिकल सुईच्या टोकाची त्रिज्याच 15 मायक्रॉनच्या घरात. एवढं जाड टोक 21 मायक्रॉनच्या वळणात उतरूच शकत नाही, ते कडांवरून घसरत जातं आणि लाटेचा आकार बदलतो. इलिप्टिकलची बाजूची त्रिज्या सुमारे 8 मायक्रॉन, मायक्रोलिनिअरची 3. बाहेर 51 मायक्रॉनच्या लाटेत इलिप्टिकललाही पुरेशी जागा मिळते, म्हणून तिथे दोघी सारख्या. फरक सुईच्या ‘स्वभावात’ नव्हता, ती कुठे चालते आहे त्यात होता.

तबला वाजवणाऱ्या एका मित्राला मी काहीच न सांगता दोन फायली ऐकवल्या. दोन्ही द्रुत तीनतालातल्या, बाजूच्या अगदी शेवटच्या. त्याने डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि म्हणाला, “अरे, पहिल्यात ‘ना’ आणि ‘तिं’ जवळजवळ एकच लागतायत. दुसऱ्यात बोट चाटेवर पडलं की लवेवर, ते कळतंय.” (चाट म्हणजे तबल्याची कड, लव म्हणजे चाट आणि शाई यांच्यामधला भाग.) पहिली कोनिकल होती, दुसरी मायक्रोलिनिअर. मी ‘बोथट’ म्हणत होतो तेच त्याने हाताच्या भाषेत सांगितलं, आणि माझ्या कुठल्याही शब्दापेक्षा ते नेमकं होतं.

डीएल-103 ने वेगळीच परीक्षा घेतली. ते जेमतेम 0.3 मिलिव्होल्ट देतं, म्हणून मूव्हिंग मॅग्नेटसाठी लागतं त्याच्यापेक्षा साधारण 20 डेसिबल जास्त प्रवर्धन लागतं. एबीएक्समध्ये ते मला दर वेळी अचूक ओळखू येत होतं, आणि मी खूश होणार एवढ्यात लक्षात आलं की कान संगीत ऐकतच नाहीयेत. तुकडा सुरू होण्याआधीच्या निमिषभर शांततेत माझ्या प्रिअँपची सूक्ष्म खरखर ऐकतायत. तुकडे सलग वाजणाऱ्या संगीताच्या मधून कापले, तेव्हा ओळखणं बरंच अवघड झालं. तरीही बाहेरच्या खाचांत पुरुषी गळ्याला त्यात एक भरीवपणा आहे, तो मला खरा वाटतो आणि आवडतो. आतल्या खाचांत त्याचंही टोक कोनिकलच असल्यामुळे झाल्याची तीच अडचण आली. ख्यालाची पहिली बाजू त्यावर ऐकावी, सतारीची दुसरी नको, असं माझं मत झालं.

मूळ प्रश्नाचं उत्तर रेकॉर्डगणिक वेगळं निघालं. झिजल्या म्हणून बाजूला काढलेल्या बऱ्याच रेकॉर्ड्स मायक्रोलिनिअर सुईखाली शेवटपर्यंत स्वच्छ वाजल्या. त्यांतला झाला मी पहिल्यांदाच पूर्ण ऐकला. काही मात्र तशाच चिरकतात. त्यांच्या खाचा कुणाच्या तरी जड, झिजलेल्या सुईने कधीच खरवडल्या आहेत, तिथे कुठलीही सुई काही करू शकत नाही. त्या आता कोनिकलवर वाजवतो, कारण तिथे चिरकणं जरा बोथट होतं आणि ऐकवतं.

व्हीएम 95 वर मायक्रोलिनिअर कायमची बसवली आहे. कंपनी तिचं आयुष्य 1,000 तास सांगते, इलिप्टिकलचं 300, कोनिकलचं 500. पहिल्या रेकॉर्डिंगच्या सगळ्या फायली तारीख आणि तासांचा आकडा घालून जपून ठेवल्या आहेत. दर शंभर तासांनी तोच झाला, तीच रेकॉर्ड, तेवढंच वजन ठेवून पुन्हा घ्यायचा आणि जुन्या फायलीशी एबीएक्सवर लावून बघायचा. ज्या दिवशी दोन्ही वेगळ्या ओळखू येतील, त्या दिवशी नवी सुई मागवेन.