एकाच बाटलीत उगवलं, आता?

कोथरूडपासून हडपसरपर्यंतची छोटी नर्सिंग होम्स आमच्या लॅबला ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते पाहायला बाटलीत घेतलेलं रक्त) पाठवतात, आणि बरेचदा एकच बाटली पाठवतात. कारण ठरलेलं, "मॅडम, पेशंटचं बिल वाढतं." हा हिशोब मला कधीच पटला नाही.

मागे एका रात्री अशीच एक बाटली मशीनवर पॉझिटिव्ह वाजली, म्हणजे आत काहीतरी उगवलं होतं. ग्राम स्टेन केला, म्हणजे जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहिले, तर जांभळे गोल जंतू, घोसाघोसाने. म्हणजे स्टॅफ, स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू. त्यातला ऑरियस असेल तर एका बाटलीतला असला तरी खराच धरायचा, म्हणजे रक्तात संसर्ग आहे असं समजायचं. ई. कोलाय, क्लेब्सिएला, टायफॉइडचा साल्मोनेला, कॅन्डिडा यांचंही तेच. स्टॅफचाच एपिडर्मिडिस हा प्रकार असेल तर मात्र डोकेफोड. तो तुमच्या-माझ्या कातडीवर सुखाने नांदतो आणि सुईबरोबर बाटलीत उतरतो.

नर्सिंग होमच्या आरएमओला, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरला, फोन लावला.

"मॅडम, व्हॅन्कोमायसिन अँटिबायोटिक चालू करू?"

"आधी सांग, सेंट्रल लाइन, मोठ्या शिरेतली नळी आहे? हृदयाची झडप बदललीय?"

"नाही हो, साधी सलाइन. काकांचा ताप कालच उतरलाय."

"दुसऱ्या हातातलं कल्चर?"

"घेतलं नव्हतं."

झालं! म्हणजे ताडून पाहायला दुसरी बाटलीच नाही. खऱ्या संसर्गात बाटली बहुधा पहिल्या 24 तासांत वाजते. ही त्यानंतर वाजली. पण मशीन वेळ मोजतं ती बाटली आत ठेवल्यापासून. त्याआधी ती हडपसरला टेबलावर किती वेळ पडून होती, हे त्याला काय ठाऊक? म्हणून नुसत्या घड्याळावर मी जात नाही. काका ठीक होते, म्हणून व्हॅन्को सुरू न करायला सांगितलं आणि दोन्ही हातांतून नवी कल्चर मागवली. सकाळी जंतू एपिडर्मिडिसच निघाला. नव्या बाटल्या 5 दिवस मशीनमध्ये राहिल्या, काही उगवलं नाही.

पण म्हणून एपिडर्मिडिस दिसला की "कंटॅमिनंट" (बाहेरून बाटलीत शिरलेला जंतू) लिहून मोकळं व्हायचं, असंही नाही. डायलिसिसच्या एका ताईंच्या कॅथेटरमधून (शिरेत बसवलेल्या नळीतून) आणि हातातून, दोन्हीकडे तोच उगवला, आणि कॅथेटरची बाटली दोन तासांहून जास्त आधी वाजली. म्हणजे तो नळीतच वाढत होता, खरा होता. कॅथेटर काढावा लागला.

आता बिलाचं बोलू. वाचवलेल्या एका बाटलीपायी व्हॅन्कोमायसिन सुरू झालं की औषध, रोजचं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), वाढलेले बेडचे दिवस. बेरीज तुम्हीच करा.

सिस्टर मंडळींना एवढंच सांगते: रक्त घेण्याआधी कातडीवर क्लोरहेक्झिडिन-स्पिरिट 30 सेकंद चोळा, वाळू द्या, मग शीर पुन्हा बोटाने चाचपू नका. टोपणाखालचं रबर निर्जंतुक नसतं, तेही पुसा. मोठ्या माणसाचं रक्त बाटलीत 8 ते 10 मिली हवं. आणि लेबलवर कुठला हात, किती वाजता, ते लिहा. नुसतं "ब्लड" लिहिलेलं आलं की मी फोन करतेच, रात्रीचे दोन वाजले असले तरी.