उशाजवय

‘तुम्हाला शुद्ध मराठी येते, मग कविता वऱ्हाडीतच का लिहिता?’ कवितावाचन संपलं की हा प्रश्न हमखास येतो. आजवर हसून पुढे जात आलो. या वेळी तुम्ही आस्थेनं विचारलंत म्हणून नीट सांगतो.

मी सुतार. आमच्याकडे वाढई म्हणतात. मिरगाच्या आधी आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. कोणाची तिफण, म्हणजे पेरणीचं तीन फणांचं लाकडी औजार, कोणाचा वखर, कोणाच्या गाडीचं चाक. एखादा म्हणायचा, ‘तिफन भुईत उतरत नाही, वरवर चालते.’ बाप खाली बसून एक डोळा मिटायचा, पाचर ठोकायचा आणि मला सांगायचा, ‘उलसक काढ.’ शाळेत मी सेंटिमीटर शिकलो होतो, पण घरातलं माप उलसक. पटाशीच्या एका हलक्या हातानं जेवढं लाकूड निघतं तेवढं. त्याला ‘थोडंसं’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. उलसक म्हटलं की बाभळीचा कुरळा छिलका पायाशी पडलेला दिसतो. कविता मला अशीच सुचते, हाताला आधी आणि मग तोंडाला.

एका मासिकानं माझी कविता छापली होती. मूळ ओळी अशा:

रंधा निजते उशाजवय
हाताले पडली थेच सवय

छापून आलं ‘रंधा निजतो उशाजवळ, हाताला पडली तीच सवय’. जवय आणि सवय यांचा सांधा होता, तो उखडला. ‘ळ’चा ‘य’ ही आमच्या जिभेची चूक नाही, चाल आहे. डोळे ते डोये, काळी ते कायी. सुधारणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसलेली असताना कोणी येऊन हलवून गेलं तर सुताराला जे वाटतं, ते मला वाटलं.

आणि ‘शुद्ध’ हा शब्द मला खुपतो. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ, महानुभाव पंथाचं लीळाचरित्र, तेराव्या शतकात आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात सिद्ध झाला. त्याच पंथातले केशोबास संस्कृतात लिहू पाहत होते, तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवलं. त्यानं माझ्या म्हाताऱ्या नागवतील, असं ते म्हणाले. ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांनाच कळलं नाही तर त्यांचं लुटलं जातं, हे त्यांना तेव्हा उमगलं होतं. मला याहून मोठा आधार नको.

आता तिफणी कोणी करून घेत नाही. ट्रॅक्टरला लोखंडी पेरणीयंत्र लागतं, मी दारं-खिडक्या आणि प्लायवूडची कपाटं करतो. पोट भरतं, तक्रार नाही. पण वस्तू गेली की तिच्या अवयवांची नावं आधी जातात. आमच्या गावच्या दहावीतल्या पोराला चाडं, म्हणजे तिफणीवरची बी सोडायची वाटी, विचारून पाहा. माझ्या कवितांत मी ही नावं मुद्दाम ठेवतो, जागच्या जागी, कामाला लागलेली.

मागच्या वर्षी गावच्या पारावर तिफणीची कविता वाचत होतो. पुढे एक आजी बसली होती, ऐंशीच्या पुढची. ‘चाड्यावर मूठ’ ही ओळ आली आणि तिचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. मूठ मिटलेली, अंगठा बोटांवरून हळूहळू सरकत होता, जसं बी सोडतात तसा. कविता संपेपर्यंत ती पेरत होती.

नंतर जवळ बोलावून म्हणाली, ‘सरत्यावर मी होती ना रे बाबू, थे काऊन नाही लिवलं?’

सरता म्हणजे तिफणीमागे दोरानं बांधलेली एकटी नळी. तुरीचं तास त्यातून पडायचं, आणि तो धरून मागं बाई चालायची. मी विसरलोच होतो. घरी आल्यावर त्याच रात्री चार ओळी वाढवल्या.